लेग डेला प्रत्येक सेट फेल्युअरपर्यंत न्यायचा का?

सातपूरचा पहाटवाला
सोमवार-गुरुवार पाय करतो. स्क्वॉट, लेग प्रेस, लंजेस, लेग एक्स्टेन्शन, सगळे सेट फेल्युअरपर्यंत, म्हणजे पुढची एकही रेप निघत नाही तोपर्यंत. अंबडला उभ्याने शिफ्ट असते. गुरुवारपर्यंत पाय भरलेलेच असतात आणि स्क्वॉटचं वजन महिनाभर जागचं हललेलं नाही. लेग कर्लचं मशीनही आहे. काय ठेवू, काय काढू?

रॅक आणि पट्टा
भाऊ, आधी यादी बघा. चारही व्यायाम मुख्यतः मांडीच्या पुढच्या भागाचे आणि नितंबाचे. हॅमस्ट्रिंगला, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूला, काहीच नाही. स्क्वॉटमध्ये तो भागतो असं समजू नका. हा स्नायू खुबा आणि गुडघा, दोन्ही सांधे ओलांडतो. खाली बसताना खुब्याकडे ताणला जातो, गुडघ्याकडे सैल पडतो, म्हणून त्याची लांबी फारशी बदलत नाही आणि काम कमी पडतं. मांडीच्या पुढच्या बाजूला सरळ उतरणाऱ्या रेक्टस फिमोरिस या स्नायूचंही तेच, त्यासाठी एक्स्टेन्शन ठेवा.

एका दिवशी स्क्वॉट 3 सेट, प्रत्येकी 5-8 रेप्स, रोमानियन डेडलिफ्ट 3 सेट 8-10, एक्स्टेन्शन 2 सेट 12-15. दुसऱ्या दिवशी लेग प्रेस 3 सेट 10-12, लेग कर्ल 3 सेट 10-12, जमलं तर लंजेस 2 सेट. स्क्वॉटच्या दोन सेटमध्ये 3 मिनिटं थांबा.

रोमानियनमध्ये गुडघे किंचित वाकवून तिथेच ठेवा, नितंब मागे ढकला, बार मांडीला घासत उतरू द्या. पाठ गोल व्हायला लागली की तीच तुमची खोली. बार जमिनीला टेकवायचा हट्ट नको.

गंगापूर रोड
फेल्युअरबद्दल. स्क्वॉट आणि रोमानियन दोन रेप्स शिल्लक असताना थांबवा. स्क्वॉटमधून उठताना नितंब आधी वर आणि छाती खालीच राहिली, की मांड्या संपल्या आणि भार कंबरेवर गेला. तिथून पुढे काढलेली रेप पायाची नाहीच. प्रेसला एक शिल्लक, आणि माकडहाड गादीवरून उचललं जाण्याआधी परत फिरा. एक्स्टेन्शन आणि कर्लचा शेवटचा सेट खुशाल पूर्ण संपवा, तिथे हुकलं तर वजन फक्त खाली येतं.

रॅकच्या सेफ्टी पिना रिकाम्या बारने पूर्ण खाली बसून, बारच्या जेमतेम खाली येतील अशा लावा. पिना नसतील तर एकट्याने जड स्क्वॉट करूच नका.

रॅक आणि पट्टा
एक भर. ‘दोन शिल्लक’चा अंदाज नवख्यांचा हमखास चुकतो, बहुतेक जण फार लवकर थांबतात. एक्स्टेन्शनच्या शेवटच्या सेटला ‘आता दोन’ असं मनात म्हणा आणि पुढे करत राहा. पाच निघाल्या तर अंदाज तेवढा कच्चा. वजन तेच ठेवून आठवड्याला एकदा तपासा.

सातपूरचा पहाटवाला
रविवारी पांडवलेणी चढतो. पोटऱ्या वेगळ्या करायच्या का?

गंगापूर रोड
करा. उभ्याने, गुडघा सरळ, टाच पायरीखाली नेऊन दोन सेकंद थांबा, मग वर. 3 सेट 10-15. उसळी मारली की काम पोटरीऐवजी टाचेवरच्या शिरेचा ताण करतो.

पायऱ्या उतरताना मांडी ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावते आणि दुखणं त्यानेच जास्त येतं. त्यामुळे रविवारनंतर लगेच सोमवारी स्क्वॉट नको. मंगळवार-शुक्रवार करून बघा.