अल्टोचा दरवाजा अन् चाकाचा आर्च सडला, घरीच दुरुस्त करायचा आहे, सल्ला द्या

दारव्हेकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१० ची पांढरी अल्टो. ड्रायव्हरकडच्या दरवाज्याची खालची कड वीतभर फुगली आहे, पेचकस टोचला तर दोन जागी आरपार गेला. मागच्या डाव्या चाकाच्या आर्चवर (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीवर) रुपयाएवढे तीन फुगे. दरवाज्याखालच्या रनिंग बोर्डला मागच्या टोकाला गंज दिसतो, किती खोल ते कळत नाही. पत्र्याचं काम आधी कधी केलेलं नाही. ग्राइंडर आहे, ड्रिल आहे, टायरमध्ये हवा भरायचा छोटा कंप्रेसर आहे. गावात वेल्डिंगवाला आहे, पण त्याच्याकडे फक्त रॉडची मशीन. सामान काय आणू, सुरुवात कुठून करू? अन् पुट्टी भरून रंग मारला तर किती दिवस टिकेल?

पत्राकाम
भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिले देतो. भोकावर नुसती पुट्टी भरली तर एक पावसाळा. पॉलिस्टर पुट्टी ओल पिते. मागच्या बाजूने पाणी लागत राहतं, समोरून रंग चांगला दिसतो, अन् दिवाळीच्या आसपास तोच फुगा पुन्हा वर येतो.

दरवाज्याचा गंज आतून बाहेर येतो. काचेच्या रबरापासून थोडं पाणी आत उतरतंच, गाडी बनवणाऱ्याने ते धरूनच खालच्या कडेला निचऱ्याची छिद्रं ठेवलेली असतात. आपली काळी माती त्या छिद्रात बसली की दरवाजा खालून हौदासारखा भरतो. म्हणून ग्राइंडरला हात लावायच्या आधी आतलं पॅड अन् त्यामागचं प्लॅस्टिक काढा, छिद्रं तारेने मोकळी करा अन् काचेच्या फटीतून तांब्याभर पाणी ओता. धार लागून सगळं पाणी खाली गेलं पाहिजे. मळकट थेंब थेंब येत राहिले तर कडेच्या खोबणीत अजून माती आहे, पुन्हा धुवा. मग दोन दिवस उन्हात दरवाजा उघडा ठेवून वाळवा. हे झालं नाही तर वरचं काम कितीही चांगलं करा, वाया जातं.

आर्चचंही तसंच. आर्चच्या आतल्या दुमडीत चिखल साचतो. बोट घालून, मग पाण्याचा जोर मारून तो काढा.

वर्धेचा मिस्त्री
रनिंग बोर्ड घरी करू नका जी. बोलेरोला खाली वेगळी चेसिस असते, बॉडी तिच्यावर बसवलेली. अल्टोला वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते अन् रनिंग बोर्ड त्या भाराचा भाग आहे. तिथे पुट्टी, अराल्डाइट, फायबर, काहीच चालत नाही. सीट बेल्टचे बोल्ट, सस्पेन्शनची जोडणी, जॅक लावायची जागा, इथेही हाच नियम.

किती सडलं ते पाहायला आतून कार्पेट उचला. खालून पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द वाजतो अन् आतून पापुद्रे गळल्याचा आवाज येतो. बद्द वाजला तर सीओटू (गॅस अन् बारीक तारेच्या) वेल्डिंगवाल्याकडे न्या. गावच्या रॉडच्या मशीनवर देऊ नका. गाडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो, रॉड त्यात टाका धरायच्या आधी भोकच पाडतो, अन् उष्णतेने आजूबाजूचा पत्रा वाकतो. सीओटूवाल्यालाही सांगा, एका दमात रेघ ओढू नको, इंचाइंचावर टाके घाल, एक या टोकाला, एक त्या टोकाला. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, कार्पेट अन् फोम बाहेर काढा. ठिगळाला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा नको, जस्ताच्या धुराने वेल्डिंग करणाऱ्याला ताप भरतो. साधा सीआर (बिनजस्ताचा) पत्रा २२ गेज घ्या.

दारव्हेकर
धन्यवाद मिस्त्री भाऊ. ठोकून पाहिलं, रनिंग बोर्डचं मागचं टोक बद्द वाजतं. ते यवतमाळला नेतो. दरवाजा अन् आर्च घरी करता येईल का? नीट क्रमाने सांगाल काय?

पत्राकाम
येईल. पण दरवाज्याची खालची दुमड पाहून घ्या. बाहेरचा पत्रा आतल्या चौकटीवर दुमडलेला असतो, त्या दुमडीच्या आतला गंज कोणालाच साफ करता येत नाही. वीतभरच सडली असेल तर दुरुस्त करा. अख्खी कड फुगली असेल तर भंगारवाल्याकडून पांढऱ्या अल्टोचा बिनगंजाचा दरवाजा आणा, तेच कमी कटकटीचं.

ग्राइंडरला तारेचा कप ब्रश लावून रंग काढा. फुगा रुपयाएवढा दिसतो, पण रंगाखाली गंज त्याच्या दोन-तीन पट पसरलेला असतो. चकचकीत पत्रा लागला की त्याच्याही पुढे इंचभर जा. पेचकसाने दाबल्यावर पत्रा लवतो तोवरचा सगळा भाग कापून टाका, त्याची हळहळ करू नका. ब्रशच्या तारा तुटून उडतात, चष्मा लावल्याशिवाय ग्राइंडर सुरू करायचा नाही. ठिणग्या काचेवर बसल्या की काचेत कायमचे काळे ठिपके पडतात, काचेवर ओलं पोतं टाका. अन् गोठ्याजवळ, कुटाराच्या किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ हे काम अजिबात करू नका.

खड्ड्यात राहिलेल्या गंजाला फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर लावा. अर्धा तास ओलं ठेवा, वाळू देऊ नका, मग पाण्याने धुवा, कापडाने पुसा, उन्हात तापवा. संडास साफ करायचं ॲसिड कोणी सुचवेल, ते लावू नका. त्यातलं क्लोराइड पत्र्याच्या बारीक खड्ड्यात राहतं अन् प्रायमरखाली गंज नव्याने सुरू होतो.

भोकाला ठिगळ भंगारातल्या दरवाज्यातूनच कापा, वळण आपोआप जुळतं. ठिगळ चारही बाजूंनी पाऊण इंच मोठं ठेवा. भोकाच्या कडा हातोडीने हलक्या आत दाबा म्हणजे ठिगळ वर उठून दिसणार नाही. दोन्ही पृष्ठभाग ८० नंबर पॉलिश पेपरने खरखरीत करून संथ वाळणारं अराल्डाइट लावा, पाच मिनिटांत वाळणारं नाही. छोटे स्क्रू मारून आवळा. २४ तासांनी स्क्रू काढा अन् ती छिद्रंही अराल्डाइटने बुजवा. ही पद्धत फक्त दरवाजा अन् आर्चच्या बाहेरच्या पत्र्यासाठी.

वर्धेचा मिस्त्री
प्रायमरबद्दल मी सांगतो, कारण इथेच जास्त लोक चुकतात. उघड्या पत्र्यावर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर, दोन हात, त्याच दिवशी. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर दमट हवेत सकाळी पिवळा पडतो. फाटकाला मारायचं रेड ऑक्साइड इथे नको. ते ओल अडवत नाही, अन् त्यावर पॉलिस्टर पुट्टी बसली की पुट्टीतल्या रसायनाने ते मऊ पडून उचलतं. ॲसिड असलेल्या एचिंग प्रायमरवर तर पुट्टी धरतच नाही.

पुट्टी: १०० ग्रॅमला २ ग्रॅम हार्डनर. एक किलो डब्यासोबत २० ग्रॅमची ट्यूब येते ती याच हिशोबाने. मोठ्या लिंबाएवढा गोळा काचेच्या तुकड्यावर घ्या, त्यावर हार्डनरची बारीक रेघ ओढा, पात्याने दाबून दाबून कालवा. लाल रेघा पूर्ण जाऊन एकच रंग दिसला पाहिजे, रेघ राहिली तिथे पुट्टी मऊच राहते. फेटू नका, हवेचे बुडबुडे शिरतात अन् घासताना सुईएवढी छिद्रं उघडी पडतात. लवकर वाळावी म्हणून हार्डनर वाढवला तर तो डाग रंगातून वर येतो. आपल्या मे महिन्यात पुट्टी हातातच दगड होते, पहाटे काम करा अन् थोडी थोडीच कालवा. थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. त्यापेक्षा खोल खड्डा असेल तर पत्राच नीट बसलेला नाही, परत तिकडे जा.

घासायचं ८०, मग १८०, मग ३२०, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून. पुट्टी कोरडीच घासा, पाणी लावलं की ती पिऊन घेते. पाण्याचा पेपर त्यावर प्रायमर बसून वाळल्यानंतर, ४०० अन् मग ६०० नंबर.

कापूसपट्टा
रंगाचं मी सांगतो. टायरचा कंप्रेसर रंगाच्या गनला पुरत नाही, तेवढी हवाच येत नाही. ४०० मिलीच्या स्प्रे कॅन घ्या. दरवाज्याची कड अन् एका आर्चला प्रायमरची एक, रंगाच्या दोन. पांढऱ्या मारुतीचा रंग बहुधा सुपिरिअर व्हाइट, कोड २६यू, पण गाडीवरच्या पट्टीवर पाहूनच मागा. पांढरा सॉलिड आहे हे तुमचं नशीब, मेटॅलिक सिल्व्हर असतं तर ठिगळ उठून दिसलं असतं. हार्डनरवाला पीयू रंग घरी मारू नका, त्यातला आयसोसायनेट साध्या कापडी मास्कने अडत नाही, फुप्फुसं कायमची बिघडतात.

श्रावणात रंग मारायचा विचार सोडा, दमट हवेत रंगावर पांढुरकी धुरी येते. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी, सकाळी दव उडाल्यावर दहा ते बारा. वीतभर अंतरावरून पातळ पातळ तीन-चार हात, मध्ये दहा मिनिटं. टेपची कड पत्र्याच्या घडीवर आणा, सपाट जागेच्या मधोमध टेप लावली की रेघ दिसतेच.

दारव्हेकर
खूप उपयोग झाला. एक राहिलं. डिकीत खताच्या बॅगा येतात नेहमी. अन् आतून जळकं ऑइल मारलं तर चालेल काय? एकजण जवसाचं तेल म्हणून राहिला.

पत्राकाम
पोटॅश म्हणजे क्लोराइडच, समुद्रकाठी गाड्या सडतात तेही मिठातल्या क्लोराइडनेच. युरिया हवेतली ओल ओढून घेतो. बॅगा जाड ताडपत्रीवर ठेवा, महिन्यातून एकदा डिकीतला रबर मॅट उचलून खाली सांडलेलं धुवा, वाळवा. डिकीचा गंज मॅटखालीच सुरू होतो.

जळकं ऑइल रबराच्या पट्ट्या फुगवतं, धूळ धरतं अन् त्यात इंजिनातलं आम्ल असतं, नको. जवसाचं कच्चं तेल महिनोन् महिने चिकट राहतं. उकळलेलं जवसाचं तेल वाळून पातळ पडदा धरतं, ते चालतं. पण त्याची चिंधी कोपऱ्यात गोळा करून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेते. पाण्यात बुडवा किंवा बाहेर मोकळ्या हवेत पसरून वाळवा. कॅव्हिटी वॅक्स (पत्र्याच्या पोकळीत मारायचं मेण) मिळालं तर तेच उत्तम. दरवाज्याच्या आत लांब नळीने खालच्या कडेला मारा, अर्ध्या तासाने निचऱ्याची छिद्रं पुन्हा तारेने मोकळी करा, वॅक्सने ती बुजतात. गाडीखालून डांबरी कोटिंग मारायचं असेल तर रनिंग बोर्डचं वेल्डिंग अन् प्रायमर झाल्यावरच. गंजावर डांबर मारलं की आत पाणी अडकतं अन् पत्रा झाकलेलाच सडतो.

दारव्हेकर
समजलं. आज पॅड काढलं, छिद्रं चार निघाली, तीन पूर्ण बुजलेली. पाणी ओतून झालं. यवतमाळहून गाडी आली की दरवाजा घेतो हातात, ठिगळ बसल्यावर फोटो टाकतो.