मदत हवी आहे: घरातल्या फोटोंसाठी परवडणारा लाइट मीटर

तिपाई:
मीटर नसलेला जुना फिल्म कॅमेरा, ५० मिमी एफ/२ लेन्स, आयएसओ ४०० चा कृष्णधवल रोल. फोटो बहुतेक घरातलेच: खिडकीशी बसलेली माणसं, नाहीतर रात्री दिव्याच्या उजेडात. सध्या मोबाइलवरचं ॲप वापरतोय, पण मोबाइल जरा वळवला की आकडा दीड-दोन स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उडी मारतो. सेकंडहँडमध्ये तीन पर्याय दिसताहेत: सेकॉनिक एल-३९८, हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅशची खाच) बसणारा छोटा मीटर आणि सेकॉनिक एल-३०८एस. तिसरा सगळ्यात महाग. पहिल्या दोघांत भागेल का? फ्लॅश आज नाही, पुढे कदाचित घेईन.

भिंग:
एल-३९८ घरात नको. सेलेनियमचा आहे. बॅटरी लागत नाही हे खरं, पण तो ईव्ही (उजेडाची पातळी, एक आकडा म्हणजे एक स्टॉप) ४ च्या खाली मोजतच नाही आणि त्या टोकाला काटा जेमतेम हलतो. रात्री दिवा लावलेली खोली साधारण ईव्ही ५-६, कोपरे ३-४ (आयएसओ १०० धरून). म्हणजे नेमकं जिथे मीटर हवा, तिथेच तो आंधळा. एल-३०८एस ईव्ही ० पर्यंत उतरतो आणि फ्लॅशही मोजतो. मीटर घेताना आधी हा खालचा आकडा बघा, बाकी सोयी नंतर.

कृष्णधवल:
हॉट शूवाल्याचा सेन्सर बरा असतो, पण तो रिफ्लेक्टेड मोजणी करतो (समोरच्या वस्तूवरून परतलेला उजेड मोजतो), म्हणजे तुमच्या ॲपचंच दुखणं. चौकटीत खिडकी आली की तो एक्स्पोजर कमी करायला सांगणार आणि चेहरा काळा पडणार. घ्यायचाच असेल तर चेहऱ्याच्या जागी १८ टक्के ग्रे कार्ड धरून, ते पूर्ण भरेल इतकं जवळ जाऊन मोजा. कार्डावर आपली सावली नको.

इन्सिडंट मोजणीत (माणसावर पडणारा उजेड मोजणं) ही भानगड नाही. मीटरवरचा पांढरा घुमट माणसाच्या हनुवटीपाशी धरायचा, घुमटाचं तोंड कॅमेऱ्याकडे. दिव्याकडे नव्हे! आणि मोजणाऱ्याने खिडकीच्या आड उभं राहायचं नाही. माणूस हलला की पुन्हा मोजा: उघड्या बल्बपासून १ मीटरवरून २ मीटरवर गेला तर २ स्टॉप गेले.

तिपाई:
लक्समीटर आहे घरात. तो चालेल? टेबल लॅम्पशेजारी चेहऱ्यापाशी १६० दाखवतो. ॲप तिथेच एफ/२, १/१२५ म्हणतं.

भिंग:
चालेल. २.५ लक्स म्हणजे आयएसओ १०० ला ईव्ही ०. लक्स दुप्पट झाले की ईव्ही एकाने वाढतो. १६० म्हणजे ईव्ही ६. आयएसओ ४०० ला २ स्टॉप धरून ८, म्हणजे एफ/२ ला १/६०. ॲप एक स्टॉप कमी देतंय, बहुधा लॅम्प चौकटीत आहे म्हणून.

लक्समीटरची खोट अशी की त्याची चकती सपाट असते. उजेड समोरून न येता ६० अंश बाजूने आला तर ती निम्माच मोजते, घुमट साधारण पाऊण धरतो. खिडकीच्या आडव्या उजेडात त्यामुळे लक्समीटरवर काढलेलं एक्स्पोजर थोडं जास्त येईल. निगेटिव्ह फिल्मला ते चालून जातं.

रिळवाला:
जुना लुनासिक्स ३ मीटर स्वस्तात दिसला तर हुरळू नका. कमी उजेडात उत्तम, पण त्याला १.३५ व्होल्टचे पाऱ्याचे सेल लागतात आणि ते आता बनत नाहीत. साधे १.५ व्होल्टचे टाकले की आकडे चुकतात. शिवाय उजेड टिपणारा सेल सीडीएस (कॅडमियम सल्फाइड) असल्याने उन्हातून आत आल्यावर काही वेळ आधीच्या उजेडाचीच आठवण धरून बसतो. मिनोल्टा ऑटो मीटर ४एफ मिळाला तर बघा. सिलिकॉन सेल, एका एए पेन्सिल सेलवर चालतो.

तिपाई:
एल-३०८एस चं ठरतंय. सेकंडहँड घेताना काय तपासू?

कृष्णधवल:
बॅटरीच्या खणात हिरवट-पांढरी बुरशी आहे का, घुमट पिवळा पडलाय का. मग घुमट बाजूला सरकवून रिफ्लेक्टेडवर एकसारखा उजेड असलेली कोरी भिंत मोजा आणि डिजिटल कॅमेऱ्याने तीच भिंत चौकटभर घेऊन, आयएसओ तोच ठेवून ताडून बघा. १/३ स्टॉपचा फरक सोडून द्या, तेवढा लेन्समुळेही पडतो. हेच पडदे ओढून अंधुक उजेडात करा. दोन्हीकडे सारखाच फरक आला तर मीटरवरचा आयएसओ बदलून निभतं. अंधारात वेगळा आला तर परत करा.

घुमट सरकवताना तो खटकन शेवटपर्यंत बसू द्या. अर्धवट राहिला तर आकडा येतो, पण तो ना इन्सिडंट ना रिफ्लेक्टेड.

तिपाई:
आणि कॅमेरा तिपाईवर लावून मीटरवर ४ सेकंद आलं तर तेवढंच एक्स्पोजर द्यायचं?

रिळवाला:
रोल कोणता?

तिपाई:
इलफर्ड एचपी५ प्लस.

रिळवाला:
मग ६ सेकंद द्या. १ सेकंदाच्या वर मीटरच्या आकड्याचा १.३१ वा घात घ्यायचा. हे मीटर सांगत नाही, फिल्मचा स्वभाव आहे तो.