मदत हवी आहे: पोलिश गाण्यात माझुरका या पोलिश नृत्याचा ठेका आणि शब्दाचा आघात जुळत नाही

पोलिश 'पोएझ्या श्पिएवाना', म्हणजे गायलेली कविता, गिटारवर बसवणाऱ्यांनी कृपया मार्ग सुचवावा. पोलिश कवी स्टाखुराच्या कवितांना 'स्तारे दोब्रे माउजेंस्त्वो' या पोलिश बँडने दिलेल्या चालींसारखं साधं, शब्दाला मान देणारं गायन हवं आहे.

पोलिशमध्ये आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर असतो: प्यो-सेन्-का, जोर 'सेन्'वर. ठेका तीन मात्रांचा, पण माझुरकात वजन दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर पडतं. 'सेन्' पहिल्या मात्रेवर आणि 'का' दुसऱ्यावर आलं, की गिटारचा जोराचा स्ट्रोक नेमका 'का'वर बसतो आणि शब्द मोडतो. वॉल्ट्झसारखं पहिल्या मात्रेवर वजन दिलं तर शब्द सुधारतो, पण माझुरका उरत नाही. अंगठ्याने बास हलका ठेवून दुसऱ्या मात्रेला फक्त वरच्या तीन तारा छेडल्या, तर थोडं बरं वाटतं.

ओळीच्या शेवटी तो स्ट्रोक गाळावा, की उठाव (पहिल्या मात्रेआधी येणारे शब्द) एक मात्रा वाढवून 'सेन्'च दुसऱ्या मात्रेवर आणावा? आणि 'मुझिका'सारख्या शब्दांत, जिथे आघात पहिल्या अक्षरावर आहे, तिथे काय करता?

दुसरं, पोलिशमधला अनुनासिक 'ओ' (ą) हा स्वर. त-द आधी 'ओन्', प-ब आधी 'ओम्' हे आपल्या अनुस्वारासारखंच, त्यामुळे सोपं. पण शब्दाच्या शेवटी लांब सुरावर तो स्वर धरताना नाकातला आवाज सुरुवातीपासून ठेवावा, की शुद्ध 'ओ' धरून शेवटी आणावा? सुरुवातीपासून ठेवला तर सूर दबतो.