इ.स. की सा.यु.?

धरमपेठ : नगरधनच्या वाकाटक राजांवर प्रदर्शनाचे फलक लिहितोय. मंडळातले एक काका अडून बसलेत : 'इ.स.' धार्मिक आहे, 'सा.यु.' (सामान्य युग) लिहा. मराठीत काय चालेल?

महाल : इ.स.च ठेवा. 'इसवी' म्हणजे ईसाचा, येशूचा, हे खरंच. पण हा वाद मुळात इंग्रजीतला. तिथल्या 'AD' या जुन्या खुणेचा अर्थ 'प्रभूच्या वर्षी', म्हणजे लिहिणाऱ्याकडून श्रद्धेचीच कबुली. ज्यू लेखकांना ते कसं पटणार? आपल्या इसवी सनात प्रभू कुठे आहे? आणि 'सामान्य' म्हटलं की मराठी माणसाला सामान्य रुग्णालय आठवतं. सगळ्यांचं मिळून असतं ते समाईक. पण 'समाईक युग' म्हणून पाहा, शेतीच्या हिश्श्याचा दावा वाटतो!

शिवाय अक्षरं बदलली तरी मोजणी तीच, सहाव्या शतकात डायोनिसियस या साधूने येशूच्या जन्मापासून धरलेली. तीही हुकलेली. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू हेरोद राजाच्या काळात जन्मला, आणि हेरोद वारला तो बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये. म्हणजे ख्रिस्तच ख्रिस्तपूर्व!

इंदोरा : भाऊ, इतकं सोपं नाही ते. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली, त्या वर्षी देशभर २५०० वी बुद्धजयंती साजरी होत होती. आमच्याकडे पत्रिकेवर बुद्धसंवत छापतात ते काही शोभेसाठी नाही. सन निवडणं म्हणजे आपण कोण ते सांगणं. काकांना 'इसवी' खटकत असेल, तर त्यांना हसू नका.

महाल : हसत नाही, पण मग शकाचं काय करायचं? शक लोक बाहेरून आलेले. शालिवाहनाचं नाव त्या गणनेला कितीतरी शतकांनी चिकटलं. तरी २२ मार्च १९५७ पासून सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिकेला तोच घेतला. आणि मराठेशाहीतले मोडी कागद काढा : 'सन इसन्ने सबैन मया व अलफ'. अरबीत दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे सुहूर या सौर सनाचं ११७२, इसवी १७७१-७२. खाली तिथी मात्र हिजरी चांद्रमासाची. कोणाचा धर्म बुडाला नाही त्यात.

सीताबर्डी : तुम्ही दोघंही फलक विसरलात. वाकाटक बहुधा कुठलाच सन लिहीत नसत, राज्यवर्ष, म्हणजे कारकिर्दीचं कितवं वर्ष ते लिहीत. वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेच्या नंदिवर्धनहून (आजच्या नगरधनहून) दिलेल्या ताम्रपटात नुसतं वर्ष १३ आहे. शक सापडतो तो वाशीमकडच्या हिस्सेबोराळ्याच्या शिलालेखात : ३८०, म्हणजे इ.स. ४५८. तेव्हा आधी 'राज्यवर्ष १३' लिहा, खाली बारीक अक्षरात 'इ.स. पाचवं शतक'. आणि एका फलकावर इ.स.पू., दुसऱ्यावर ख्रिस्तपूर्व, अशी खिचडी तेवढी नको.

धरमपेठ : हे जमेल. राज्यवर्षाला काकांची हरकत नसावी. खालच्या ओळीवर मात्र भांडतील.