मदत हवी आहे: डीओ रेटिंगची ऑर्डर आली, चालू जॉब मशीनवरून उतरवायचा का?

भोसरीकर:

नमस्कार मंडळी. कनेक्टिकटमध्ये चाळीसेक माणसांच्या एका मशीन शॉपमध्ये मी प्लॅनिंग बघतो. इथे यायच्या आधी अकरा वर्षं भोसरीत ऑटोच्या व्हेंडरकडे होतो. डिफेन्सच्या ऑर्डरी सांभाळणाऱ्या आमच्या बाई मागच्या महिन्यात निवृत्त झाल्या आणि त्यांची फाइल माझ्या टेबलावर आली.

गेल्या गुरुवारी विमानाच्या ६० ॲल्युमिनियम हाउसिंगची पीओ (खरेदीची ऑर्डर) आली. (ड्रॉइंग टाकता येणार नाही, आयटार आहे, म्हणजे शस्त्रास्त्र-निर्यातीचे अमेरिकी निर्बंध.) वर कोपऱ्यात डीओ-ए१, म्हणजे संरक्षणाच्या कामाला अग्रक्रम देणारं सरकारी रेटिंग. खाली बारीक अक्षरात, ही राष्ट्रीय संरक्षणासाठीची रेटेड ऑर्डर आहे आणि १५ सीएफआर (अमेरिकी केंद्र सरकारची नियमावली) भाग ७०० चे सर्व नियम तुम्हाला बंधनकारक आहेत, असं वाक्य. बायरची सही आहे. तारखेच्या रकान्यात मात्र ‘शक्य तितक्या लवकर’ एवढंच. दुपारी बायरचा फोन आला, उद्या सकाळी बाकी सगळं खाली उतरवा आणि आमचं चढवा.

ज्या फाइव्ह-ॲक्सिस मशीनवर हे लागेल, त्यावर आत्ता वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या गिऱ्हाइकाचा २०० नगांचा जॉब आहे. ११८ झालेत, ८२ बाकी. त्या सेटअपला दीड दिवस लागला होता. आता तोडला तर फिक्श्चर परत जुळवा, पहिला नग परत तपासून पास करून घ्या. शिवाय त्यांच्या करारात उशिराच्या प्रत्येक आठवड्याला दंड आहे. याच मशीनवर ऑगस्टमध्ये घेतलेली दुसरी एक डीओ ऑर्डरही लागायची आहे, ती ३० नोव्हेंबरची. आणि हाउसिंगना ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर) करून देणारा बाहेरचा व्हेंडर चार आठवडे सांगतोय.

भोसरीत अर्जंट म्हणजे कुणाचा फोन आला यावर ठरायचं. इथे कायदा आहे, म्हणून अंदाजाने काही करायचं नाही. मशीन रिकामं करावंच लागतं का? दंड कोण भरणार? जाणकारांनी कृपया सांगावं. मालकांना सोमवारी उत्तर द्यायचं आहे.

कंत्राटवाली_ओहायो:

घाबरू नका, पण आज एक ईमेल टाकाच. मी एकोणीस वर्षं याच खात्यात काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावते.

रेटेड ऑर्डर पूर्ण व्हायला चार गोष्टी लागतात: रेटिंग, ठरावीक तारीख, सही आणि ते वाक्य. ‘शक्य तितक्या लवकर’ ही तारीख धरली जात नाही. तेव्हा बायरकडे लेखी तारीख मागा. फोनवर हो किंवा नाही काहीच म्हणू नका. ऑर्डर घेतली की नाकारली हे मुदतीत लेखी कळवायचं असतं, आणि नाकारली तर कारणासकट.

आता मुख्य मुद्दा. रेटिंग आलं म्हणून मशीन रिकामं करायचं, असं नियमात कुठेही नाही. मागितलेली तारीख गाठण्यासाठी जेवढं हलवावं लागेल तेवढंच हलवायचं. तारखेवरून उलटं मोजत या. ८२ नग संपवूनही तारीख गाठता येत असेल तर सेटअपला हात लावू नका. येत नसेल तर मात्र बिनरेटिंगचं काम उतरवावंच लागेल. ‘मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकाने भरलंय’ हे नकाराचं कारण होत नाही.

दोन डीओ एकमेकींना आडव्या आल्या तर आधी कुठली आली ते बघायचं नाही, आधी कुठली द्यायची आहे ते बघायचं. द्यायची तारीखही एकच असेल तर आधी आलेली पुढे. नव्या डीओमुळे आधी स्वीकारलेली डीओ रखडणार असेल, तर नवी त्या तारखेला घ्यायचीच नाही. लवकरात लवकर कधी देऊ शकाल ते सांगायचं आणि त्या तारखेला घ्यायची तयारी दाखवायची. डीएक्स हे दुसरं, वरच्या दर्जाचं रेटिंग या सगळ्यांच्या वर, पण ते मोजक्याच कार्यक्रमांना मिळतं. २००७ मध्ये इराकसाठी सुरुंगरोधक एमरॅप गाड्या घाईने बनवल्या तेव्हा त्यांना दिलं होतं.

दंडाचं म्हणाल तर ज्या कायद्याखाली हे रेटिंग येतं त्या १९५० च्या डिफेन्स प्रॉडक्शन ॲक्टचं कलम ७०७ आहे. नियम पाळल्यामुळे दुसऱ्याचं काम रखडलं, तर त्या नुकसानीची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. पण हे छत्र नियमाने भाग पाडलं तेवढ्यापुरतंच. बायर ओरडला म्हणून गरज नसताना जॉब उतरवलात, तर नियमाकडे बोट दाखवता येणार नाही. म्हणून तो उलटा हिशोब कागदावर मांडून, तारीख घालून फाइलला लावा. सगळे कागद तीन वर्षं ठेवायचेच असतात. करार मात्र एकदा वकिलाला दाखवा.

ॲनोडायझिंगवाल्याला दिलेल्या पीओवर रेटिंग टाकलंय का?

भोसरीकर:

नाही हो. रक्कम जेमतेम तीन हजार डॉलर, म्हणून साधीच पीओ गेली.

कंत्राटवाली_ओहायो:

मग तो तुम्हाला रांगेत ठेवतोय यात त्याची चूक नाही. सिम्प्लिफाइड ॲक्विझिशन थ्रेशोल्डच्या (सोप्या पद्धतीच्या सरकारी खरेदीची रकमेची मर्यादा) निम्म्याहून लहान ऑर्डरवर रेटिंग पुढे पाठवायची सक्ती नाही, पण माल वेळेत मिळत असेल तरच. नसेल मिळत तर सुधारित पीओ काढा, त्याच चार गोष्टी घालून. रेटिंग तुमच्याकडे आलं तेच, डीओ-ए१. त्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाचे नग घुसवू नका. एवढं करूनही अडलंत तर अमेरिकी वाणिज्य खात्याचा बीआयएस-९९९ फॉर्म भरून मदत मागता येते.

तळेगाव_ते_टेक्सस:

रेटेड कामाला मालक अर्जंट चार्ज लावू शकतात का?

कंत्राटवाली_ओहायो:

तशाच बिनरेटिंगच्या कामाला जो दर आणि ज्या अटी, त्याच इथे. फक्त रेटिंग आहे म्हणून जादा घेता येत नाही.

भोसरीकर:

ताई, मनापासून आभार. ईमेलला उत्तर आलं, तारीख १२ डिसेंबर. काल रात्री उलटा हिशोब मांडला. दोन पाळ्यांत ८२ नग आठवड्यात संपतात. मग ३० नोव्हेंबरच्या डीओचे तीन दिवस, मग हाउसिंगचा सेटअप आणि साधारण १२० तास मशीनिंग. ॲनोडायझिंगला चार आठवडे धरले की गणित फसतं, दोन धरले की तपासणीला आठवडा उरतो. म्हणजे इतके दिवस मी मशीनकडे बघत बसलो होतो आणि अडत होतं ॲनोडायझिंगला.

आज सकाळी डीओ-ए१ घालून सुधारित पीओ पाठवली. तासाभरात त्यांचा फोन आला, दोन आठवड्यांत देतो म्हणाले. सेटअप जागचा हललेला नाही. दुपारी मी खाली गेलो तेव्हा १३१ वा नग चालू होता.

ॲनोडायझिंगवाल्याचं हो अजून तोंडीच आहे. ते लेखी आलं की हिशोबाच्या कागदासोबत फाइलला लावतो आणि इथे कळवतो.