आत्याला बोलता येत नाही पण ओवी पूर्ण म्हणते. कविता आधी की भाषा?

वारजेकर
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा.

माझ्या आत्याला मार्चमध्ये पक्षाघात झाला, वय ७३, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. हात बराच सुधारलाय पण बोलणं जवळजवळ गेलंच. समजतं सगळं, पण तोंडातून "हे... हे..." च्या पुढे काही येत नाही. तहान लागली की तांब्याकडे बोट दाखवते, पाणी हा शब्द काही केल्या निघत नाही, मग चिडते, मग रडते. आणि मागच्या रविवारी आईने तिच्या केसांना तेल लावताना सहज जात्यावरची ओवी म्हणायला घेतली, दोघीही मुळशीतल्या, लहानपणी पहाटे उठून दळण दळलेल्या, तर आत्याने पुढची ओळ अख्खी म्हटली! शब्द स्पष्ट, चाल नीट, कुठे अडखळली नाही. आईच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. नंतर लगेच "आत्या पाणी हवं का, म्हण पाणी" केलं तर परत "हे... हे...".

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. कविता डोक्यात साध्या बोलण्यापेक्षा वेगळीकडे राहते का? आणि तसं असेल तर माणूस आधी गायला लागला आणि मग बोलायला, असं म्हणता येईल का? शाळेत क्रौंच पक्ष्याची गोष्ट होती, वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, तेव्हा ती नुसती गोष्ट वाटली होती.

वैखरी
मी स्पीच थेरपिस्ट आहे, १४ वर्षं पुण्यातच काम करते. तुम्ही लिहिलंय ते अगदी खरं आहे आणि आम्ही ते पुष्कळदा बघतो, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.

याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. १८६१ मध्ये पॅरिसच्या ब्रोका नावाच्या डॉक्टरने एक पेशंट मांडला होता ज्याच्या तोंडून फक्त "तां" एवढंच निघायचं, त्याच्या मेंदूचा डावा पुढचा भाग खराब झालेला होता. पण त्याच्याही शंभरेक वर्षं आधी स्वीडनमध्ये एका माणसाची नोंद झालीय ज्याला बोलता येत नव्हतं पण आजाराआधी पाठ असलेली देवाची गाणी तो स्वच्छ म्हणायचा, आणि काही प्रार्थना चालीशिवायही म्हणायचा, फक्त लयीत. ही लयीची गोष्ट महत्त्वाची आहे. आधी सगळ्यांना वाटायचं की गाणं उजव्या मेंदूत म्हणून ते शाबूत राहतं, आणि त्यावरच १९७३ मध्ये अमेरिकेत एक थेरपी निघाली, वाक्य चालीवर म्हणायचं आणि डाव्या हाताने ठेका धरायचा. पण २०११ मध्ये जर्मनीत १७ पेशंटवर अभ्यास झाला, त्यात दिसलं की चालीपेक्षा ठेका आणि तोंडात बसलेले शब्द यांचाच जोर जास्त. म्हणजे तुमच्या आत्याला सूर मदत करत असेलच, पण तिला खरा आधार दिलाय तो जात्याच्या ठेक्याने आणि शेकडो वेळा म्हटलेल्या ओळीने.

एकच विनंती, ओवी म्हणते म्हणजे बोलणं परत आलं असं धरू नका, तिच्याकडून परीक्षेसारखं वदवून घेऊ नका. तुमच्या थेरपिस्टना मात्र हे नक्की सांगा.

ओवीवेडी
वारजेकर, वाचून डोळे भरून आले. माझी आजी मावळातली.

जात्याचा ठेका म्हणजे काय हे दळल्याशिवाय कळत नाही. दोघी समोरासमोर, एका खुंट्यावर दोन हात, एकीने ओळ सोडली की दुसरीने उचलायची. वैरण, म्हणजे मूठभर दाणे, जात्यात घालताना हात थांबतो तिथे ओळही थांबते, आमच्या गावी तरी तसंच होतं. म्हणजे तुमच्या आईने ओळ म्हटली आणि आत्याने पुढची उचलली, ही त्यांची साठ वर्षांपूर्वीची सवय जागी झाली. एकटीला म्हण म्हटलं असतं तर कदाचित आलीही नसती.

आणि ओव्या या काही चार पाठ केलेली गाणी नव्हेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवां या अभ्यासकांनी पुण्यात राहून हजारावर गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यात मुळशीतल्या बायका पुष्कळ आहेत. त्या ऐकल्या की कळतं, "सांगते बाई तुला", "पहिली माझी ओवी" असे साचे तयार असतात आणि त्यात बाई आपला भाऊ, आपलं गाव, आपलं दुःख घालते. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, त्या म्हणायच्या आणि घरातल्यांनी लिहून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. म्हणून मला विचाराल तर कविता आधी. कागदाआधी तर नक्कीच.

जुना_डेक्कनकर
कागदाआधी हे शंभर टक्के मान्य, पण भाषेआधी म्हणायला माझी तयारी नाही. डार्विनने १८७१ मध्ये लिहिलं होतं खरं की माणसाचे पूर्वज आधी सुरात साद घालत असावेत आणि शब्द त्यातून आले असावेत, कल्पना सुंदर आहे, पण आवाजाचे काही जीवाश्म सापडत नाहीत. आत्याची ओवी भाषेच्या आधीची नाहीये, ती भाषाच आहे, तिच्यात भाऊ आहे, गाव आहे, क्रियापद आहे. ती वेगळ्या रीतीने साठवलीय एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मला जास्त खरं वाटतं ते असं, की लिहिता येत नसताना जे काही टिकवायचं ते लयीत बांधावं लागायचं. मेसोपोटेमियात लिपी निघाली तेव्हा पहिल्यांदा लिहिले गेले धान्याचे आणि मेंढरांचे हिशोब, इ.स.पू. ३२०० च्या आसपास. जिचं नाव आपल्याला माहीत आहे अशी पहिली कवयित्री एनहेदुआना, ऊर शहरातली, ती आली साधारण इ.स.पू. २३०० ला. मधली शेकडो वर्षं लोक गात नव्हते असं थोडंच आहे, हिशोब विसरला जातो म्हणून तो आधी लिहिला, गाणं तोंडात होतंच.

आता टिकवायचे प्रकार दोन. मिलमन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३३ ते ३५ मध्ये युगोस्लाव्हियात निरक्षर गायकांची हजारो ओळींची गाणी रेकॉर्ड केली. ते गायक म्हणायचे आम्ही शब्दन् शब्द तोच गातो, आणि रेकॉर्डिंग ताडून बघितलं तर दर वेळी वेगळं, कारण त्यांच्याकडे पाठ केलेला मजकूर नव्हताच, साचे होते. अगदी वर ओवीवेडी म्हणतात तसे. आणि दुसरं टोक आपल्याकडे. वेद पाठ करायच्या घनपाठ या पद्धतीत पहिला शब्द दुसरा शब्द, मग दुसरा पहिला, मग पहिला दुसरा तिसरा, मग तिसरा दुसरा पहिला, परत पहिला दुसरा तिसरा, असं पुढे पुढे जायचं, एक शब्द हलला तर सगळी साखळी बोंबलते. त्यामुळे ऋग्वेद तोंडी राहूनही जागचा हलला नाही. आपल्या पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांना २००७ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, पण त्या पोथ्या या पाठांतराच्या कितीतरी नंतरच्या.

पावकी_निमकी
हिशोबाचं निघालं म्हणून. मी निवृत्त शिक्षक. आमच्या वडिलांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी हे पाव, अर्धा, दीड, अडीचचे पाढे सगळे पाठ होते आणि ते म्हणताना मान हलायची. "बे एके बे, बे दुणे चार" हे वर्गात एका सुरात म्हटलं जातं, सात सक किती असं मधूनच विचारलं तर पोरगं मनात पहिल्यापासून म्हणत येतं आणि मग उत्तर देतं. म्हणजे जिथे हिशोबही तोंडी ठेवायची वेळ आली तिथे आपण त्याचंही गाणंच केलं. आत्याबाईंना पाढे, वार, महिने म्हणून बघा.

खिडकीपाशी
सगळे लय लय करताय पण लय म्हणजेच कविता का? पाढे लयीत आहेत, कविता नाहीत. मला कविता सुरू होते ती एका गोष्टीला दुसरी म्हणण्यापाशी. आपण मराठीत शपथ खातो, मार खातो, पैसे खातो, वेळ खातो, डोकं खातो, भाव खातो, यातलं एकही ताटात वाढता येत नाही. राग गिळतो. शब्द टाकतो, शब्द पाळतो, शब्द मोडतो. हे कुणा कवीने केलेलं नाही, भाषा मुळातच अशी चालते, लेकॉफ आणि जॉन्सन या अभ्यासकांनी १९८० मध्ये हेच सविस्तर मांडलं की आपण विचारच रूपकांतून करतो. म्हणून माझं मत, आधी काय नंतर काय हा प्रश्नच सुटा करता येत नाही, बोलणं आणि कविता जुळ्या बहिणी आहेत.

आणि आत्याशी याचा संबंध आहे बरं का. १९७७ मध्ये विनर आणि गार्डनर या मानसशास्त्रज्ञांनी पक्षाघाताच्या पेशंटना "मन जड झालं" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य (तिथे मनाच्या जागी हृदय म्हणतात) ऐकवून चित्रं दाखवली. उजवा मेंदू बिघडलेले लोक अर्थ तोंडी नीट सांगायचे, पण बरेचदा चित्र उचलायचे ते भलंमोठं हृदय वाहून नेणाऱ्या माणसाचं. डावा बिघडलेल्यांना अर्थ सांगता येत नव्हता पण ते रडणाऱ्या माणसाचं चित्र बरोबर दाखवायचे. तुमची आत्या दुसऱ्या गटातली. तिला ओवी नुसती येत नाहीये, कळतेय.

वारजेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत आई आणि आत्या बसल्या, मी फोनवर रेकॉर्ड केलं. पाढे नाही आले, ती शाळेत गेलीच नाही. वार आले, शुक्रवारपर्यंत. पण ऐका, ओवी अशी होती:

दळण दळीताना हात माझा खुंट्याला
सांगते बाई तुला, भाऊ माझा घोटवड्याला

आई पहिली ओळ म्हणाली. आत्याने दुसरी म्हटली आणि शेवटी म्हणाली "वारज्याला". आम्ही सगळे गप्प. आम्ही वारज्याला येऊन दोनच वर्षं झालीत, आणि आत्याच्या गावात गिरणी आली तेव्हापासून जातं बंद आहे, चाळीस वर्षं तरी. म्हणजे ही ओळ तिने पूर्वी कधीच म्हटलेली असू शकत नाही. बाबा उठून आत गेले.

जुना_डेक्कनकर
मी हे तीनदा वाचलं. साठवलेलं आहे म्हणालो होतो ते अर्धवट होतं. साचा जुना आहे, शब्द आजचा आहे, यमकसुद्धा सांभाळलंय. पॅरीचे गायक हेच करत होते.

वैखरी
रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि थेरपिस्टना ऐकवा. एकदा झालंय म्हणून फार मोठे निष्कर्ष नकोत, पण ठरलेल्या जागी नवा शब्द बसतोय ही फार मोलाची खूण आहे. दर वेळी कुठला शब्द बदलला तो वहीत तारखेसह लिहा. आणि रोज लागणारे शब्द तशा जागी ठेवून बघता येतील, थेरपिस्टशी बोलून.

वारजेकर
पहिला शब्द पाणीच हवा. ओवीवेडी, एखादी ओळ कराल का? आईला सुचत नाहीये, ती म्हणते दळल्याशिवाय ओवी येत नाही.

ओवीवेडी
आईंचं बरोबर आहे, मी मांडीवर हात फिरवत फिरवतच केली.

हात भरले पिठानं, घाम आला कपाळाला
सांगते बाई तुला, तांब्याभर पाणी मला

पहिले दोन-तीन दिवस दोघींनी पूर्ण म्हणा, हात हातात धरून, जात्यासारखा फिरवत. मग आईंना सांगा "तांब्याभर" पर्यंत यायचं आणि तिथे थांबायचं. हात मात्र थांबवू नका.