मदत हवी आहे: केमोनंतर कावीळ, लिव्हर आणि पित्तनळीला इजा, कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, आम्ही परभणी जिल्ह्यातले, जिंतूरकडचे. अण्णांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, नंतर केमो, म्हणजे दर तीन आठवड्याला ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. आधी नुसत्या मुंग्या यायच्या, गार पाण्यात हात घातला की जास्तच, म्हणून माठाचं पाणी बंद केलं. आता डोळे पिवळे, लघवी गर्द आणि खाज तर अशी सुटायली की रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पाठीवर नखांचे ओरखडे उठलेत, माय खोबरेल लावत बसती.

बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) ४.२, अल्कलाइन फॉस्फटेज ६४०, जीजीटी पण लई वाढलंय (ही दोन्ही पित्त अडलं की वाढतात), एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की वाढतं ते) मात्र ७८ च. प्लेटलेट ८२ हजार. सोनोग्राफीत खडा नाही, लिव्हरमधे गाठ नाही, पण स्प्लीन (प्लीहा) वाढलीय. डॉक्टर म्हणले ऑक्सॅलिप्लॅटिननं लिव्हरमधल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, त्यानं स्प्लीन वाढते अन् प्लेटलेट उतरतात, पण अल्कलाइन आणि जीजीटी इतकं वर गेलंय म्हणजे पित्त कुठंतरी अडतंय, पित्तनळ्या बघाव्याच लागतील, एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) करा. हिपॅटायटीस बी निगेटिव्ह आलंय. केमो सध्या थांबवलीय, पित्त वाहतं राहावं म्हणून उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या चालू.

घरात वेगळंच चाललंय. मामा म्हणायलेत गावाकडं काविळीचं झाडपाल्याचं औषध देतात ते आणू, गुळवेलीचा काढा पाजू. मी ठाम नाही म्हणलो. ही साथीची कावीळ नाही, त्यात एसजीपीटी बऱ्याचदा हजारात जातं, आणि गुळवेलीनंच लिव्हरला सूज आल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मधे छापल्यात. मामांचा जीव तुटतोय ते कळतं मला, पण अण्णांच्या लिव्हरवर आता अजून काही टाकायचं नाही.

ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी सांगा, औषध थांबवल्यावर बिलिरुबिन किती दिवसात उतरलं, नंतर ऑक्सॅलिप्लॅटिन काढून नुसत्या गोळ्यांवर केमो चालू केली का, का पूर्णच बंद केली? कुणाला ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीपर्यंत जातात ते) करून पित्तनळीत स्टेंट (बारीक नळी) टाकावा लागला का? खाजेवर कोलेस्टायरामिनची पावडर कुणी घेतलीय का, ती बाकीच्या गोळ्यांपासून काही तास लांब ठेवायची असते असं ऐकलंय. आणि एमआरसीपी नांदेडला करावी का संभाजीनगरला, आणि रिपोर्ट घेऊन लिव्हरच्या कोणत्या डॉक्टरकडं जावं? महात्मा फुले योजनेत हे बसतं का, तेबी कुणाला माहीत असल्यास लिहा, ऑपरेशनला आधीच शेत गहाण पडलंय.